अकरावी कडी

मुलांनो, एक मोठी चादर डोळ्यांसमोर आणा. एकट्याला आवरणार नाही इतकी मोठी. तिची दोन टोकं तुमच्या हातात, दोन आईच्या. दोघांनी जवळ यायचं, टोकाला टोक लावायचं, पुन्हा लांब जायचं. आता ही चादर दहापट मोठी करा, गोल करा, तिला अठ्ठावीस लांबलचक दोऱ्या लावा, आणि हे सगळं एका उशीएवढ्या पिशवीत बसवा. बसत नाही ना? बसतं, मी सांगतो. नुसतं बसून भागत नाही. आकाशातून माणूस खाली पडत असेल तेव्हा दोन श्वासांच्या आत हे सगळं पुरतं उघडलं पाहिजे, आणि एकही दोरी दुसरीत अडकता कामा नये. असं काम करणारी एक बाई होती. ज्या दिवसाची ही गोष्ट आहे त्या दिवशी आपल्याला तिच्या मनात जाऊन बसायचं आहे. जागा थोडी आहे, अंग चोरून बसा.

तिचा सुट्टीचा दिवस होता. सकाळचे अकरा वाजून गेले होते. इमारतीच्या गच्चीवर वाळलेल्या चादरी काढून ती लेकीबरोबर घड्या घालत होती. लेक नऊ वर्षांची. तोंडाची टकळी सदा सुरू, म्हणून घरात तिला टकळीच म्हणत. तिची शाळाही त्या दिवशी बंद होती. घड्या मोजून घालायच्या, हा मायलेकींचा जुना खेळ. एक, जवळ. दोन, लांब. "आई, तू कोपरा सोडलास," टकळी म्हणाली. "नाही सोडला." "सोडलास. मला ओढ बसली नाही." पोर बरोबर बोलत होती, कोपरा खरंच सुटला होता. बाईनं हसून तो पुन्हा धरला, "तीन" म्हणायला तोंड उघडलं, आणि डोक्यावरून जाणारा विमानाचा आवाज तुटला. विमानं तिथून रोज जात. त्यांच्या आवाजाकडे कुणी मान वर करत नसे, जसं आपण आपल्याच घरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकत नाही. पण टिकटिक थांबली की झोपलेला माणूसही दचकून उठतो. तसं झालं. आवाज दूर गेला नाही, हळूहळू विरला नाही. कापड फाटावं तसा मधूनच फाटला. मग काही नाही. त्या काहीच नसण्यात शेजारच्या गच्चीवर कुणीतरी बादली खाली ठेवल्याचं तिला ऐकू आलं. आणि मग खालून, पायांतून, एक धक्का. वाळत घातलेले कपडे एकदम हलले. पाण्याच्या उंच टाकीच्या मागे, जिथे इमारती संपून मोकळं माळरान सुरू होतं, तिथून काळा धूर वर येऊ लागला. सावकाश, त्याला काही घाई नसल्यासारखा.

चादर तिच्या हातातून कधी सुटली ते तिला कळलंच नाही. टकळी मात्र आपली दोन टोकं धरून उभी होती. "आई, विमान पडलं?" बाई आकाशात एक पांढरा ठिपका शोधत होती. टाकीच्या डावीकडे, उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. ठिपका दिसत नव्हता. उन्हामुळे डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्यात पांढरे ठिपकेच ठिपके नाचायला लागले, तेव्हा तिनं बघणं सोडलं. आज चाचणीचं उड्डाण होतं, हे तिला ठाऊक होतं. कामाच्या जागी फळ्यावर खडूनं लिहिलेलं होतं. इंजिनातला कुठलासा भाग नवा बसवला होता, तो हवेत तपासायचा होता. विमान नेणार होता लांब्या. त्याचं खरं नाव तिनं कागदावर शंभर वेळा वाचलं असेल, पण आता या क्षणी ते तिला आठवेना. आठवत होते त्याचे पट्टे. त्याच्या हवाई छत्रीचे पट्टे शेवटच्या भोकापर्यंत सैल करावे लागत, इतका तो उंच. आठवत होता एक कागद, छत्रीच्या पिशवीवरच्या खिशात असतो तो: घडी घातल्याची तारीख, मंगळवार. घडी घालणारीची सही. सही तिची.

ती जिना उतरू लागली. एकेक पायरी उतरताना तिचे पाय मोजत होते, तिनं त्यांना सांगितलं नव्हतं तरी. आठ, नऊ, दहा, अकरा. अकराव्या पायरीवर ती थांबली आणि तिथेच भिंतीला टेकून बसली, कारण त्या आकड्याबरोबर फोनची घंटा तिच्या कानात वाजली. आत्ताची नव्हे, मंगळवारची.

ती जिथे काम करायची त्या खोलीला सगळे घडीघर म्हणत. लांब खोली, पश्चिमेला खिडक्या, मधोमध आगगाडीच्या डब्याएवढं लांब, गुळगुळीत टेबल. आत चपला चालत नाहीत, बांगड्या चालत नाहीत, हातांना तेल लावलेलं चालत नाही. टेबलावर छत्री अंथरायची, तिच्या कापडाचे पट्टे एकावर एक सारखे करायचे, वाऱ्यानं हलू नयेत म्हणून त्यांच्यावर शिशाच्या छर्‍यांनी भरलेल्या लहान पिशव्या ठेवायच्या. इथे तपासनीस एकदा येऊन बघून जातो. पुन्हा येतो तो थेट पिशवी बंद झाल्यावर. मधलं काम एकट्या हातांचं. दोऱ्यांचा जुडगा घ्यायचा आणि नागमोडी वळवत एकेका रबरी कडीत अडकवायचा. एक डावीकडे, एक उजवीकडे. अशा बावीस कड्या. एखादी सुटली, एखादीत दोनदा गेलं, तरी वरून झाकण पडल्यावर कुणालाही कळत नाही. कळतं ते एकालाच, तेही हवेत. म्हणून घडीघराचा एक नियम होता. तो कुठल्या पुस्तकात सापडला नसता, मास्तरांनी तो घातला होता. मास्तर म्हणजे तिला हे काम शिकवणारे म्हातारे गृहस्थ. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आवाज मऊ. ते म्हणायचे, "मोडली मोजणी, उलगड घडी." मोजताना शिंक आली, कुणी हाक मारली, मनात दुसरा विचार आला, तरी पुढे जायचं नाही. सगळी छत्री पुन्हा अंथरायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. "पण मास्तर, मला आठवतंय ना, सतरा झाल्या होत्या," ती नवीन असताना एकदा म्हणाली होती. "तुला आठवतंय, बाळ," मास्तर म्हणाले, "पण छत्रीला आठवतंय का, ते विचार." एकदा खिडकीतून चिमणी आत आली म्हणून त्यांनी स्वतःची पुरी होत आलेली घडी उलगडली होती. सगळ्या पोरी हसल्या होत्या. मास्तरही हसले होते, पण हसत हसत उलगडतच होते.

आणि मंगळवारी अकराव्या कडीला भिंतीवरचा फोन वाजला होता. खोलीत ती एकटीच होती. एरवी तिनं घेतला नसता, पण घरी पोर एकटी. एका हातानं जुडगा धरून ठेवून तिनं दुसऱ्या हातानं फोन घेतला.

"आई, डिंक कुठंय?"

"कपाटात. वरच्या फळीवर."

"तिथं नाहीये."

"डब्यामागे बघ."

"डब्यामागे मुंगळा आहे."

"तो खात नाही तुला."

"मला नाही, पण डिंक खाईल ना. आई, तू कधी येतेस? मला भूक लागलीये. काकूंकडे जाऊ का? काकू म्हणाल्या, आईला विचार. म्हणून विचारतेय."

"जा. आणि ठेव आता."

एवढंच बोलणं. फोन ठेवून ती टेबलाशी आली. जुडगा तिच्या हातातच होता, निदान असावा. फोनची वायर आखूड, म्हणजे मध्ये कधीतरी जुडगा खाली ठेवला असेल. कडी अकरावी लावून झाली होती, की लावायची होती? तिनं घड्याळाकडे पाहिलं. उलगडायचं म्हणजे दीड तास, आणि बस निघून गेली असती. तिच्या बोटांना वाटलं, झाली होती. सोळा वर्षं तीच बोटं तेच करत आली होती. "बारा," ती म्हणाली. पुढच्या कड्या भराभर झाल्या. बाविसावी लागली तेव्हा दोऱ्यांचं टोक जिथे यायला हवं तिथेच आलं, किंवा साधारण तिथेच आलं. तिनं झाकण बंद केलं. सही केली. बस मिळाली. बसमध्ये खिडकीची जागाही मिळाली. रात्री झोप नीट लागली. आता पायरीवर बसल्या बसल्या तिला या सगळ्यात जास्त भीती वाटली ती त्या झोपेची.

"आई, तुला चक्कर आली का?" टकळी समोर उभी होती. तिच्यामागे शेजारच्या काकू, हातात ती गच्चीवरची चादर. धूर बघायला काकू वर गेल्या होत्या, त्यांनीच ती उचलून आणली होती. काकू फार बोलक्या. त्या म्हणाल्या, "चल, घरात बस आधी. चेहरा बघ कसा पांढराफटक पडलाय. तुझी माणसं तिथली, जीव लागतोच बाई. पण तू काही विमानात नव्हतीस ना? मग झालं तर." बाई घरात आली, खुर्चीवर बसली. काकूंनी पाणी दिलं. पाण्याचा पेला टेबलावर ठेवताना तिनं तो टेबलाच्या कडेपासून नेमका चार बोटं आत ठेवला, घडीघरात छर्‍यांची पिशवी ठेवतात तसा. मग तिनं कामाच्या जागेचा नंबर फिरवला. फोन लागेना. पुन्हा फिरवला. तीच पीं-पीं. तिला लांब्याचं नाव एकदम आठवलं, आणि त्याबरोबर हेही आठवलं की तो छत्री घ्यायला स्वतः येत असे. इतर वैमानिक माणूस पाठवत. हा दारात चपला काढून, आत न येता उंबऱ्यावरून विचारायचा, "काय हो, झोपलीये का माझी छत्री?" आणि ती म्हणायची, "झोपलीये. उठवायची वेळ नको यायला." रोजचीच थट्टा. बुधवारीही केली होती. मंगळवारची घडी तिनं बुधवारी त्याच्या हातात दिली होती आणि थट्टा केली होती.

मुलांनो, भीतीचा एक गुण सांगून ठेवतो. ती आठवणीला हात धरून ओढत नेते, आणि जिथे न्यायचं तिथे नेऊन बसवते. या बाईला स्वतःचे हात दिसत होते, अकरावी कडी दिसत होती, आणि समोर टेबलावर लांब्याच्या नावाचा कागद दिसत होता. इतका स्पष्ट, की त्यावरचा शाईचा डागही. तिला एकदाही वाटलं नाही की तिथे दुसरा कागद असू शकेल. दीड तास ती त्या खुर्चीवर बसून होती. बाहेरून रुग्णगाडीचा आवाज आला, गेला. काकूंनी टीव्ही लावला, त्यात तोच धूर दुसऱ्या बाजूनं दिसत होता. लांब्या आत जळाला असेल, किंवा उडी मारली असेल आणि वर काहीच उघडलं नसेल. ती या दोन्हींमधलं बरं कोणतं, याचा विचार करत होती. पहिलंच बरं, असं मनात आलं तेव्हा तिला स्वतःची शिसारी आली. त्याचं मरण ती आपल्या सहीला सोयीचं पडेल तसं निवडत होती.

एक वाजायला आला होता तेव्हा फोन वाजला. तपासनीस बोलत होते. तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठे, सावध माणूस, एरवी एक शब्द बोलायला दोनदा विचार करणारे.

"बाई, जिवंत आहे. ऐकताय ना? लांब्या जिवंत आहे. विमान वस्तीपासून वळवलं आणि शेवटच्या क्षणाला उडी टाकली. पाय मोडलाय, बाकी धडधाकट. छत्री अशी उघडली म्हणतात, फुलासारखी."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं असेल? घडी कुणाची होती. म्हणतो, पाय बरा झाला की त्या बाईंना भेटायला येणार. आता तुम्ही मोठं माणूस झालात. आम्हाला ओळख दाखवा म्हणजे झालं."

"बाकीची उड्डाणं?" तिनं विचारलं. तिला स्वतःचा आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

"त्या जातीची विमानं सगळी उभी केलीत, चौकशी होईपर्यंत. शिकाऊ पोरांची मात्र वेगळी, ती तीनला नेहमीसारखी उडणार. बरं, ठेवतो. इथे फोनला दम नाही."

काकूंनी दोन्ही हात जोडले. टकळीनं आईच्या गळ्यात उडी मारली. बाई हसली. रडलीसुद्धा. आणि या हसण्यारडण्याच्या मध्येच बोलून गेली, जे एरवी कधी बोलली नसती. "मला वाटलं, माझ्यामुळे. मंगळवारी त्याची घडी घालताना माझी मोजणी मोडली होती. आणि मी उलगडलं नाही."

"मोडली? कशानं?" टकळीनं विचारलं. मग तिचा चेहरा बदलला. पोरगी बडबडी असली तरी खुळी नव्हती. "मी फोन केला तेव्हा?"

बाईला जीभ चावावीशी वाटली. पण टकळी कपाळाला आठ्या घालून भिंतीकडे बघत होती, गणित सोडवताना बघायची तशी. मग तिचा चेहरा उजळला.

"नाही गं आई, ती त्यांची नव्हतीच. मी शाळेतून आल्यावर फोन केला होता, दुपारी. आणि तूच सांगतेस ना, चाचणीवाल्याची छत्री सकाळी पहिली करायची, ताज्या हातांनी. म्हणजे त्यांची केव्हाच झाली होती. माझा फोन दुसऱ्याच कुणाच्या तरी छत्रीला आला."

पोरीनं हे आईला बरं वाटावं म्हणून सांगितलं होतं. बाई तिच्याकडे बघत राहिली. टेबलावरचा लांब्याचा कागद तिच्या डोळ्यांसमोरून कुणीतरी अलगद उचलून नेला, शाईच्या डागासकट, आणि त्याखाली दुसरा कागद होता. मंगळवारी तिनं तीन घड्या घातल्या होत्या. पहिली लांब्याची. खिडकीचं ऊन टेबलाच्या पायथ्याशी आलं होतं, फोन घेताना ते तिच्या डाव्या पावलावर पडलं होतं. ऊन तिथे येतं ते दुपारी. म्हणजे दुसरी. की तिसरी? बस पकडायची घाई होती, म्हणजे तिसरी असावी. नक्की सांगता येईना. दोन्ही छत्र्या शिकाऊंच्या विमानात बसवल्या होत्या. बुधवारीच. ती पोरं वीस-एकवीस वर्षांची. त्यातल्या एकाला अजून दाढीही धड येत नव्हती, सगळे त्याला चिडवत. सकाळपासून जे कोसळलं असं वाटत होतं ते कोसळलंच नव्हतं. ते शिकाऊंच्या विमानात, आसनाच्या पाठीशी, घडी घालून, झाकण लावून, तिच्या सहीनिशी बसलं होतं.

घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. बाईनं पुन्हा फोन जवळ ओढला.

"काय झालं?" काकू म्हणाल्या. "आता तर गोड झालं ना सगळं? छत्री उघडली, माणूस वाचला. आता कशाला उकरून काढतेस? सोळा वर्षांत तुझी एक घडी चुकली नाही. हीपण नसेल चुकली. उगाच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस. सही काढून घेतील तुझी, मग काय करशील? मेणबत्त्या विकशील?"

यातला एकेक शब्द खरा होता. मोजणी मोडली आणि पुढे गेली, असं जिनं कबूल केलं तिला टेबलाशी पुन्हा उभं करत नाहीत. मास्तरांनीच एका मुलीला घरी पाठवलं होतं, स्वतःच्या भाचीला. आणि दोऱ्यांचं टोक बरोबर आलं होतं, साधारण बरोबर. शंभरात नव्वद हिश्शांनी घडी ठीकच असणार. लांब्या पाय बरा करून येईल, उंबऱ्यावर चपला काढेल, तिचे आभार मानेल आणि ती म्हणेल, त्यात काय एवढं. किती सोपं. तिला ते पुढचं सगळं दिसलं, वर्षानुवर्षांचं, आणि त्या सगळ्या वर्षांत दर वेळी विमानाचा आवाज डोक्यावरून जाताना ती मान वर करताना दिसली.

तिनं नंबर फिरवला. पीं-पीं. पुन्हा फिरवला. सहाव्यांदा लागला.

"साहेब, मीच. मंगळवारच्या माझ्या दुसऱ्या आणि तिसऱ्या घडीची विमानं उडवू नका. मोजणी मोडली होती. अकराव्या कडीला. मी उलगडलं नाही."

पलीकडे लोकांचा गलका होता, मग दार लोटल्यावर तो कमी झाला.

"बाई, तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला कळतंय ना? आज? आज सगळं वरिष्ठ खातं इथे गोळा झालंय. आणि चाचणीची छत्री तर उघडली."

"ती पहिली होती. फोन नंतर आला."

"लिहून घ्यावं लागेल."

"घ्या. मी येतेय. दोन्ही मीच उलगडते, तुमच्या समोर. नाहीतर मला हात लावू देऊ नका, दुसऱ्या कुणाला सांगा. पण तीनच्या आत उतरवा."

"उतरवतो," तपासनीस म्हणाले. मग फोन ठेवता ठेवता, हळू आवाजात, "मास्तर असते तर..."

तिनं चपला घातल्या. पिशवी घेतली, पुन्हा ठेवली, पुन्हा घेतली. टकळी भिंतीला चिकटून उभी होती. एरवी सुरू असणारं तोंड बंद होतं. बाई तिच्यासमोर उकिडवी बसली.

"माझ्यामुळे झालं ना?" टकळी म्हणाली. "मी डिंक मागितला म्हणून."

बाईला 'नाही' म्हणायचं होतं. ते लगेच तोंडात येतं, आणि लहान मुलाला तेच सांगावं असं सगळे म्हणतात. पण आज तिला अर्धवट मोजलेलं काही कुणाच्या हातात द्यायचं नव्हतं.

"मोजणी तुझ्या फोननं मोडली," ती म्हणाली. "ती कशानंही मोडते. चिमणीनंही मोडते. फोन ठेवल्यावर उलगडायचं होतं, ते माझं काम. ते मी केलं नाही. तुझं एवढंच, की डिंक सापडला का ते मला अजून सांगितलं नाहीस."

"सापडला," टकळी पुटपुटली. "डब्यामागे. मुंगळा खराच होता."

बाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि उठली. दारात तिची पावलं थबकली, कारण मागे काहीतरी सळसळलं. काकूंनी गच्चीवरून आणलेली चादर मघाशी, बोलता बोलता, एकटीनंच छातीशी धरून, हनुवटीखाली दाबून घडी करून खुर्चीवर ठेवली होती. सुबक, चौकोनी, कोपऱ्याला कोपरा. टकळीनं ती उचलली आणि एका झटक्यात पुरती उलगडून टाकली.

"अगं, हे काय?" काकू म्हणाल्या. "चांगली झाली होती की घडी."

"आमची तिसऱ्याला मोडली होती," टकळी म्हणाली. चादर तिच्याहून मोठी, तिचं एक टोक जमिनीवर लोळत होतं. ते तिनं उचलून काकूंच्या हातात दिलं, दुसरं टोकही दिलं, आपली दोन टोकं घट्ट धरून मागे मागे चालत गेली, चादर ताणली जाईपर्यंत, भिंतीला पाठ लागेपर्यंत. ओढ बसली का ते तिनं एकदा बघितलं. आणि म्हणाली, "एक."